सिरपूरच्या पाण्यावरचे काळे ठिपके: इंदूरची तळी कशी पाहावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून बदली होऊन इंदूरला आलात. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी हैराण झालेले सासरे. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी साडेबाराला सिरपूर तलावावर गेलात, तर चकाकतं पाणी आणि लांबवर काळे ठिपके, एवढंच दिसलं. पुढच्या रविवारी रालामंडल अभयारण्यात गेलात, तिथं बिबट्या दिसला नाही. मुलगी कंटाळली. आता येत्या जोडसुट्टीत सिरपूर, यशवंतसागर, गुलावट आणि चोरल असं सगळं एकदमच करून टाकावं का, दुर्बीण कुठली घ्यावी आणि मुलीला कॅमेरा घेऊन द्यावा का, हे तुम्ही विचारलंय.

ताई, चारही ठिकाणं एका सुट्टीत करू नका. मी गेली अठ्ठावीस वर्षं इथल्या तळ्यांवर पक्षी मोजतोय आणि शाळेच्या मुलांना घेऊन जातोय. त्या अनुभवावरून सांगतो: एकच तळं धरा. तुमच्यासाठी ते सिरपूर. दर दोन-तीन आठवड्यांनी तिथंच जा, त्याच जागी उभ्या राहा, जूनचा पाऊस पडेपर्यंत. बाकीची ठिकाणं आपापल्या ऋतूत पाहायची आहेत, आणि तो ऋतू कोणता हे तुम्हाला सिरपूरच शिकवेल.

आधी ते काळे ठिपके. ते बहुधा वारकरी होते. अंग काळंभोर आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून मराठीत हे नाव. पुढच्या वेळी एखादा काठाजवळ आला तर मुलीला त्याचे पाय बघायला सांगा. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो. वारकऱ्याच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालरी असतात, पानासारख्या. त्यामुळे तो पोहतोही आणि चिखलात चालतोही. उडायचं असेल तर मात्र त्याला धावपट्टी लागते. पाण्यावरून दहा-पंधरा पावलं पटपट धावतो, मागे पाण्याच्या फटकाऱ्यांची ओळ उमटते आणि मग कुठे तो हवेत उठतो. हा आवाज एकदा ऐकला की मुलगी तो ठिपका पुन्हा विसरायची नाही.

दुपारी काही न दिसण्याचं कारण सोपं आहे. बरीच बदकं हिवाळ्यात रात्री आणि पहाटे चरतात, आणि दुपारी पाण्याच्या मध्यावर पाठीत चोच खुपसून झोपतात. शिवाय साडेबाराला ऊन डोक्यावर असतं, पाणी आरशासारखं चमकतं, आणि तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीतही चित्र थरथरतं. सध्या सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही सातला तलावाच्या फाटकावर असायला हवं. आत सोडायची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, ती ऋतूप्रमाणे बदलते. आत गेल्यावर सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला उभ्या राहा. एवढ्या दोनच गोष्टी पाळल्या तर त्याच तळ्यावर, त्याच दुर्बिणीतून, तुम्हाला दहापट दिसेल. नऊपर्यंत थांबा आणि परत निघा. पोहे-जिलेबीची दुकानं तोवर जोरात असतात, मुलीला तेही आवडेल.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची खोली. मोठमोठे कॅमेरे घेऊन येणारे पुष्कळ जण तिच्याकडे बघतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिरपूर उथळ आहे. पावसाळ्यात काठोकाठ भरलं तरी सगळ्यात खोल जागी पाणी दोन मीटरच्या आसपास. पक्ष्यांच्या दृष्टीनं हीच त्याची श्रीमंती. थापट्या, तलवार बदक, गडवाल ही बदकं बुडी मारत नाहीत. ती डोकं खाली आणि शेपूट वर अशी उभी राहून तळाचं खातात. म्हणजे त्यांची मान जिथवर पोचेल तितकंच खोल पाणी त्यांच्या कामाचं. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते दुसऱ्यांपेक्षा थोडं खोल पाण्यात चरू शकतं. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद असते. तो पाण्याच्या वरच्या थरातलं बारीकसारीक गाळून खातो आणि अनेकदा पाच-सहा थापटे मिळून गोल गोल फिरतात, एकानं ढवळलेलं दुसऱ्याच्या चोचीत. छोटी लालसरी आणि शेंडी बदक ही बुडी मारणारी. ती समोर असतात आणि बघता बघता पूर्ण नाहीशी होतात, मग भलतीकडेच वर येतात. मुलांना हा खेळ फार आवडतो, कुठे वर येईल ते आधी ओळखायचं. यातली छोटी लालसरी जगभर कमी होत चाललेली आहे, ती आपल्या शहराच्या धार रोडवरच्या याच तळ्यात हिवाळा काढते.

ऑक्टोबरात तळं भरलेलं असतं तेव्हा काठावर चिखलच नसतो, म्हणून चिखलात चोच खुपसणारे तुतवार, शेकाटे यांना जागा नसते. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी ओसरायला लागतं, काठाला ओल्या मातीचा पट्टा उघडा पडतो आणि ते येतात. मार्चमध्ये परदेशी बदकं परतायला लागतात. एप्रिल-मेमध्ये उरलेल्या पाण्यात मासे दाटीवाटीनं कोंडतात, मग बगळे, पाणकावळे, करकोचे गोळा होतात. तळं तेच असतं, पण पाणी हातभर खाली गेलं की सगळी पंगत बदलते. म्हणून मी नव्या माणसाला पक्ष्यांची नावं नंतर सांगतो, आधी पाणी बघायला लावतो.

त्यासाठी मुलीला एक काम द्या. काठावरचा एखादा मोठा दगड, पायरी किंवा झाडाचं खोड तिला निवडू द्या. प्रत्येक खेपेला पाण्याची कड त्या दगडापासून किती पावलांवर आहे ते तिनं मोजायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, वेळ, पावलं, आणि त्या पट्ट्यात काय दिसलं. नाव येत नसेल तर वर्णन लिहायचं, 'लाल लांब पाय, काळे पंख, पांढरं पोट' असं. (तो शेकाट्या.) पावलं मात्र तिचीच, तुमची नव्हे, म्हणजे माप एक राहील. माझ्याबरोबर येणाऱ्या एका मुलानं चौथीत असताना अशी वही सुरू केली होती. मेमध्ये त्याची पावलं मोजता मोजता संपेनात. ओसाड पडलेल्या चिखलात तो चालत होता, आणि एका भेगेत त्याला टिटवीची चार अंडी दिसली, मातीच्या ढेकळांसारखीच. तो जागच्या जागी थांबला, आला त्याच पावलांवर मागे फिरला आणि मला हळूच हाक मारली. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चार महिने तीच जमीन बघत होता, म्हणून ढेकूळ कोणतं आणि अंडं कोणतं हे त्याला कळलं.

तुमच्या सासऱ्यांना अवश्य घेऊन जा. सिरपूरच्या काठाची वाट सपाट आहे. एक घडीचं स्टूल बरोबर ठेवा. एका जागी तासभर शांत बसणाऱ्या माणसाला चालणाऱ्यांपेक्षा जास्त दिसतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. धीवर पुन्हा पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतो, टिबुकली आपली भीती सोडून पाणकणसातून बाहेर येते. गुडघे दुखणारा माणूस ही तुमच्या सहलीची अडचण आहे असं समजू नका.

तुम्ही नाशिकच्या, म्हणजे नांदूरमधमेश्वर पाहिलं असेल. तिथलं पाणी जसं गोदावरीवर बंधारा घालून साठलेलं आहे, तसंच इंदूरचंही. माळव्याचं पठार काळ्या कातळाचं, वर काळ्या मातीचा थर. इथली सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला ही तळी होळकरांच्या काळात माणसांनी बांधली, पाणीपुरवठ्यासाठी. पक्षी नंतर आले. शेकडो वर्षं मध्य आशियातून दक्षिणेकडे येणाऱ्या पाखरांच्या वाटेवर ही नवी पाणवठ्याची ठिकाणं त्यांना सापडली आणि त्यांनी ती आपली मानली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या भारतातल्या पहिल्या दोन शहरांना पाणथळ शहराचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. स्वच्छतेच्या पहिल्या नंबराबद्दल इंदूरचा माणूस तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगेल. मला या दुसऱ्या गोष्टीचा अभिमान जास्त आहे.

पण हे आपोआप झालं नाही. एक काळ असा होता की सिरपूर म्हणजे सांडपाणी, जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणं. आपल्या इंदूरचे चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी यांनी नव्वदच्या दशकापासून या तळ्याचा पिच्छा सोडला नाही. भराव थांबवणं, झाडं लावणं, पक्ष्यांची नोंद ठेवणं, महापालिकेच्या मागे लागणं, सगळं वर्षानुवर्षं. २०१६ मध्ये मोंढ्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या मुलीला हेही सांगा, की ती ज्या काठावर उभी आहे तो कुणीतरी उभं राहून वाचवलेला आहे. जलपर्णीचं संकट अजून टळलेलं नाही. घाणीतलं नत्र आणि स्फुरद मिळालं की ती झपाट्यानं पसरते, पाणी झाकून टाकते, खाली ऊन पोचत नाही आणि प्राणवायू घटतो. काठाकाठानं थोडी जलपर्णी दिसली तर ती तारखेसकट वहीत लिहून ठेवा, पुढच्या खेपेला वाढली की घटली ते कळेल.

तलावावर जाताना शेव-परमलची (परमल म्हणजे मुरमुरे) पुडी आपल्यासाठी न्या, पक्ष्यांसाठी नको. इंदूरकरांचा हात सढळ असतो, समोर जे दिसेल त्याला खाऊ घालावंसं वाटतं. पण तळलेलं, खारवलेलं अन्न बदकांच्या पोटाला सोसत नाही, आणि पाण्यात पडलेलं कुजतं. संक्रांतीच्या पतंगांनंतर काठच्या झाडांवर मांजा लोंबत राहतो. हाताला येईल तेवढा गुंडाळून पिशवीत घाला. नायलॉनच्या मांज्यात पंख अडकून लटकलेला बगळा मी स्वतः सोडवलाय, आणि सोडवूनही तो जगला नाही.

आता यशवंतसागर. इंदूरच्या पश्चिमेला, हातोदजवळ, गंभीर नदीवर यशवंतराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये हा बांध झाला. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढवून इंदुरात आणलं, त्याआधी शहराचा बराच भार या तळ्यावर होता, आणि आजही पश्चिमेकडच्या वस्त्यांना इथलं पाणी जातं. क्षेत्र आठशे हेक्टरांहून अधिक, म्हणजे सिरपूरच्या पाचपट. पसरट, फाटे फुटलेलं, काठाला शेतं आणि बोरू-पाणकणसाची बेटं. हे मोठेपण नवख्या माणसाला अंगावर येतं. सिरपूरवर दोन महिने काढून मग इथं आलात, तर समोरचं पाणी कुठे उथळ आहे, बदकं कुठल्या बाजूला असतील, हे तुम्हाला आल्याबरोबर कळेल. म्हणूनच आत्ता घाई करू नका असं म्हणालो.

यशवंतसागरला जायचं ते सारसांसाठी. माळव्यात सारस फार थोड्या ठिकाणी उरलेत, त्यातलं हे एक महत्त्वाचं. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, उभा राहिला तर माणसाएवढा, जवळजवळ सहा फूट. राखी अंग, मानेच्या वरचा भाग आणि डोकं तांबडं. जोडीनं राहतात. सकाळी एकमेकांसमोर माना ताणून हाक घालतात, नराच्या एका हाकेला मादीच्या दोन, आणि ती हाक शेतांवरून एवढी लांब जाते की तुम्हाला आधी ऐकू येतं, दिसतं नंतर. हरभरा-गव्हाच्या शेताच्या कडेला जोडी चरताना फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगली दिसते. गाडी रस्त्यावरच ठेवा, आतच बसून राहा. गाडीला ती घाबरत नाहीत, गाडीतून उतरलेल्या माणसाला घाबरतात.

पावसाळ्यात मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नका. का, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, मी आठ-दहा जणांना घेऊन बॅकवॉटरच्या एका शेताशी गेलो होतो. तिथल्या शेतकऱ्यानं घरटं दाखवलं होतं, गुडघाभर पाण्यात गवत आणि बोरू रचून केलेला ढीग, त्यावर दोन अंडी. आम्ही तीसेक पावलांवर उभे होतो, मला ते अंतर पुरेसं वाटलं. मादी उठून बाजूला झाली. दोघं लांब उभे राहून आमच्याकडे बघत होते, ओरडत नव्हते. आम्ही फोटो काढत राहिलो. वीस मिनिटं झाली असतील, एक कावळा घरट्यावर उतरला. नर धावून आला, पण तोवर एक अंडं फुटलं होतं. सारसाची जोडी वर्षाकाठी बहुधा दोनच अंडी घालते आणि महिनाभर आळीपाळीनं उबवते. त्यातलं एक माझ्यामुळे गेलं. तो शेतकरी मला काही बोलला नाही. त्यानंतर मी कुणालाही सारसाच्या घरट्याशी नेलं नाही, आणि ठिकाण कुणी विचारलं तर सांगत नाही. तुम्हाला असं ठिकाण दाखवायला कुणी तयार झालं, तर नको म्हणा.

बॅकवॉटरच्या कच्च्या वाटांबद्दलही एक सावधगिरी. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी आणि दोन सरी पडल्या की साबणासारखी. वरून वाळलेली दिसते, खाली लोण्यासारखी मऊ असते. चाक एकदा रुतलं की जितकं फिरवाल तितकं खाली जातं. डांबर सोडून गाडी खाली घालू नका, चालत जा. बूट नवे नकोत. जुने पावसाळी, टाचेला घट्ट बसणारे बरे, चपला चिखलात अडकून राहतात.

गुलावट याच जलाशयाच्या फुगवट्यावर आहे. लोक तिथं कमळांचे फोटो काढायला जातात आणि गर्दी होते, पण पावसाळ्याच्या मध्यावर, आठवड्यातल्या साध्या दिवशी सकाळी गेलात तर कमळपक्षी बघा. लांब बाकदार शेपटीचा, मानेवर सोनेरी पट्टा. हिवाळ्यात ही शेपटी नसते, म्हणून जानेवारीत समोर असला तरी कुणी ओळखत नाही. पायाची बोटं इतकी लांब की वजन पसरतं आणि तो पानांवरून चालतो. यांच्यात मादी मोठी, ती अंडी घालून दुसरा नर बघायला जाते, आणि उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. गेल्या ऑगस्टमध्ये मी अर्धा तास एक नर बघत होतो. रात्रीच्या पावसानं पाणी चढलं होतं आणि त्याच्या पानाची कड बुडायला आली होती. त्यानं एकेक अंडं हनुवटी आणि छातीच्या मध्ये धरून मागे मागे ओढत शेजारच्या उंच पानावर नेलं. चार अंडी, चार खेपा. तांबूस काळपट, तकतकीत, पेरूच्या बियांवर तेल लावल्यासारखी चमकणारी अंडी. चौथं ठेवून झाल्यावर तो त्यांच्यावर बसला आणि एक पंख जरा उचलून पुन्हा मिटला. तुमच्या मुलीनं हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

रालामंडलबद्दल थोडक्यात. ते जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, १९८९ मध्ये घोषित झालेलं, माथ्यावर होळकरांची शिकारगाह. चारी बाजूंनी वस्ती वाढत आलीय. बिबटे आहेत, पण बिबट्या दिसेल या आशेनं गेलात तर प्रत्येक खेपेला निराश व्हाल. चितळ, सांबर, मोर दिसतात. मी मुलांना तिथं दोनदा नेतो. एकदा मार्चमध्ये, पळस फुललेला असतो आणि मध खायला येणाऱ्या मैना, सूर्यपक्षी यांची झुंबड असते, कॅमेऱ्याशिवायही पोट भरतं. दुसऱ्यांदा जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे, नवरंग पक्षी ऐकायला. सकाळ-संध्याकाळ तो दोन सुरांची लांब शीळ घालतो आणि दुसरा उत्तर देतो. दिसायला अवघड, ऐकायला सोपा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणारे भेटतील, तसं करू नका. विणीच्या दिवसांत तो आवाज म्हणजे त्याला घुसखोर वाटतो, आणि घरटं सोडून तो भांडायला येतो. सासऱ्यांना चढ झेपायचा नाही, वर जायला गाडी मिळते का ते फाटकावर विचारा.

चोरल आणि पाताळपाणी. इथं एक गोष्ट भूगोलाची, मुलीला सांगण्यासारखी. इंदूरच्या दक्षिणेला पठार संपतं आणि विंध्याचा कडा खाली नर्मदेकडे उतरतो. घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस क्षिप्रा-चंबळमार्गे यमुनेत, तिथून गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. घाटाच्या पलीकडे पडलेला चोरल नदीतून नर्मदेत आणि अरबी समुद्रात. महूजवळच्या जानापावला चंबळेचा उगम मानतात, तिथं उभं राहिलं की दोन्हीकडचे उतार नजरेत येतात. चोरलचं धरण पाहायला हिवाळा उत्तम. पावसाळ्यात धबधबे मोहक दिसतात, पण लहान मूल आणि वयस्क माणूस बरोबर असताना मी पाण्यात उतरू देणार नाही. वर डोंगरात पाऊस पडलेला असतो, खाली ऊन असतं, आणि लोंढा दोन-तीन मिनिटांत येतो. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर पाच जण असेच प्रवाहाच्या मध्ये अडकले आणि वाहून गेले, किनाऱ्यावर उभी माणसं काही करू शकली नाहीत. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, की वस्तू तिथंच टाकून उंचावर जायचं. तळ्यांच्या बाबतीतही काठावरून पाणी शांत दिसतं आणि दोन पावलांवर गाळ कमरेपर्यंत ओढतो. सिरपूर असो, यशवंतसागर असो, पाण्यात पाय घालायचा नाही, हा नियम मुलीला पहिल्या दिवशीच सांगून टाका.

दुर्बीण. आठ गुणिले बेचाळीसची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत किती रुंद ते कळतं. बेचाळीस भागिले आठ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, पहाटेच्या अंधुक उजेडालाही पुरतो. बाजारात दहा गुणिले पंचवीसची छोटी, स्वस्त, खिशात मावणारी मिळते. तिचा झोत अडीच मिलिमीटर, सकाळी सातला काळं दिसतं, आणि दहापट मोठं करताना हाताची थरथरही दहापट होते. मुलांच्या हातात तर ती स्थिर राहतच नाही. वीसपट, तीसपट लिहिलेल्या खेळण्यांकडे बघूच नका. घरात एकच दुर्बीण असली तरी चालेल, पण तिची दोन्ही भिंगं मुलीच्या डोळ्यांच्या अंतराएवढी जवळ येतात का, ते दुकानात तिच्या डोळ्याला लावूनच बघा. चष्मा असेल तर भिंगाभोवतीची रबरी कडी मागे दुमडायची. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय दुर्बीण हातात द्यायची नाही.

आधी साध्या डोळ्यांनी पक्षी शोधायचा, नजर त्याच्यावरून हलवायची नाही, आणि मग दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. सगळे जण उलटं करतात, दुर्बीण लावून पाणी चाळत बसतात आणि हाती काही लागत नाही. घराच्या गच्चीवर समोरच्या टाकीवर बसलेल्या कबुतरावर चार दिवस सराव करून घ्या.

कॅमेरा या वर्षी नको. कॅमेरा हातात आला की मूल फोटो मिळाला का नाही एवढंच बघतं, पक्षी काय करत होता ते राहून जातं. मोबाइलमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप आहे, ते तुमच्याकडे ठेवा. मुलीनं आधी वर्णन लिहायचं, मग घरी येऊन ताडून बघायचं. वही आडव्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची आणि पेन्सिल, कारण दवानं ओल्या झालेल्या कागदावर पेनची शाई पसरते. पुढच्या जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होईल. तोवर तिच्याकडे एका दगडापासून मोजलेली वर्षभराची पावलं असतील. मला कळवा, आमच्या गटात सिरपूरच्या त्या बाजूची मोजदाद तिला देऊ.

येत्या रविवारी सातला फाटकावर पोचाल अशा बेतानं निघा. स्टूल, पाण्याची बाटली, सासऱ्यांची कानटोपी. तलावावर सकाळी वारं बोचतं.